अर्ज ऑनलाइन, मग दिवस जातात कुठे?

प्रश्न : राहायला नालासोपारा पूर्वेला, नोकरी अंधेरीला. मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. सेतू केंद्रात अर्ज भरला, कागद स्कॅन झाले, मोबाइलवर संदेशही आला. तहसीलदारांची सही आता डिजिटल असते म्हणे. टपाल नाही, शिपाई नाही, गठ्ठा नाही. तरी चौकशी केली की एकच उत्तर : 'साहेबांच्या लॉगिनला आहे.' मला तक्रार करायची नाही, पण कुतूहल आहे. मधल्या दिवसांत माझा अर्ज नेमका करतो काय?

उत्तर : वाट बघतो. दुसरं काही करत नाही.

तुमच्या अर्जावर प्रत्यक्ष जे काम व्हायचं असतं, ते सगळं मिळून काही मिनिटांचं. कारकुनाने कागद उघडून पाहायचे, पत्ता आणि उत्पन्नाचा पुरावा अर्जाशी जुळतो का ते तपासायचं, वरच्याने एकदा नजर घालायची आणि शेवटी सही. उरलेला सगळा काळ अर्ज एका लॉगिनमधून दुसऱ्या लॉगिनमध्ये जाण्यासाठी ताटकळत असतो. पूर्वी तो टेबलावर पडून असायचा, तेव्हा निदान दिसायचा तरी. ऑनलाइन पद्धतीने तुमच्या खेपा वाचवल्या हे खरं, आणि ते थोडंथोडकं नाही. पण मधली साखळी बहुतेक ठिकाणी होती तशीच संगणकावर चढवली गेली. चार टेबलं होती तिथे चार लॉगिन आले.

त्या डिजिटल सहीचंही बघा. ती असते पेनड्राइव्हएवढ्या एका किल्लीत. तिच्यावर ज्या अधिकाऱ्याचं नाव, त्यानेच ती संगणकाला लावून पासवर्ड टाकायचा. साहेब जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीला पालघरला गेले, कुठे अतिक्रमणाच्या कारवाईवर उभे राहिले, निवडणुकीच्या कामाला जुंपले गेले, की किल्ली ड्रॉवरमध्ये आणि अर्ज रांगेत. बदली झाली तर नव्या साहेबांच्या नावाची सही यंत्रणेत नोंदवून होईपर्यंत सगळंच थांबतं. 'साहेब मीटिंगला गेलेत' हे जुनं वाक्य आणि 'साहेबांच्या लॉगिनला आहे' हे नवं वाक्य, यांत फरक एवढाच की नव्या वाक्यात साहेब कार्यालयात असूही शकतात.

वसई तालुक्यात याच्या जोडीला एक खास भानगड आहे. महसूल खात्याची मांडणी शेतजमिनीच्या हिशेबाने झालेली. त्या मांडणीत 'नालासोपारा पूर्व' असं काही नसतं. असतं ते मौजे आचोळे, मौजे तुळिंज. पश्चिमेला आलात तर निळेमोरे. वसई स्टेशनच्या आसपास नवघर, दिवाणमान, गोखिवरे. विरारला नारिंगी, बोळींज. आपली सोसायटी, आपला रिक्षा स्टँड, जवळचं मंदिर किंवा शाळा हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपण कुठल्या मौज्यात राहतो हे सातव्या मजल्यावरच्या माणसाने कधी कुणाला विचारलेलं नसतं. सेतूतल्या मुलाने घाईघाईत यादीतून भलतंच गाव निवडलं, की अर्ज भलत्याच तलाठ्याच्या हद्दीत जाऊन बसतो आणि काही दिवसांनी 'त्रुटी' असा शेरा घेऊन परत येतो. तलाठ्यांचं पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे. त्यांच्या वाट्याला आलेल्या 'ग्रामा'त मात्र शेतांच्या जागी टॉवर उभे आहेत. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर होती.

आता तुमच्या कुतूहलाचा गाभा. समजा सगळे कर्मचारी मनापासून काम करताहेत, कुणी सुट्टीवर नाही, सर्व्हरही चालू आहे. तरी जून-जुलैत दाखला का रखडतो? याचं उत्तर गणितात आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली त्यावर पहिला निबंध लिहिला. त्याच्यापुढचा प्रश्न होता, किती लोक फोन लावतील हे आधी कळत नसताना एक्सचेंजमध्ये किती तारा ठेवायच्या. त्यातून रांगेचं एक शास्त्रच उभं राहिलं.

ते सांगतं ते असं. एक खिडकी आहे. माणसं केव्हा येतील याचा नेम नाही, प्रत्येकाचं काम किती वेळ घेईल याचाही नेम नाही. खिडकीवरचा कर्मचारी दिवसाचा निम्मा वेळ कामात असेल, तर खिडकीवरचा माणूस धरून सरासरी एकच जण तिथे असतो. काम वाढून तो ८० टक्के वेळ गुंतला, की चार जण. ९० टक्क्यांवर गेला, की नऊ. ९५ टक्क्यांवर एकोणीस. म्हणजे ९० वरून ९५ पर्यंत काम वाढलं ते किंचित, पण रांग दुपटीहून मोठी झाली. बारावीचे निकाल लागले, सीईटीच्या कागदपत्र पडताळणीच्या तारखा आल्या, की वसईच्या तहसील कार्यालयात हेच होतं. अर्ज दुप्पट होतात आणि रांग दहापट वाटते. कर्मचाऱ्याला वाटतं मी तर वर्षभर करतो तसंच मर मर काम करतोय. लोकांना वाटतं आत कुणी काही करतच नाही. दोघंही खरं बोलत असतात.

मग उपाय काय? मला विचाराल तर माणसं वाढवण्याआधी दोन गोष्टी करता येतात. एक, प्रत्येक खिडकीला वेगळी रांग लावण्याऐवजी सगळ्या खिडक्यांना मिळून एकच टोकन. एखाद्याचं प्रकरण किचकट निघालं तर त्याच्यामागचे दहा जण अडकून पडत नाहीत. दुसरं, जूनचं काम एप्रिलमध्ये ओढणं. दहावी-बारावीच्या मुलांना कोणते दाखले लागणार हे जानेवारीपासून सगळ्यांना माहीत असतं. शाळा-महाविद्यालयांतून अर्ज आधीच गोळा केले तर रांग तयारच होणार नाही. महसूल खात्याच्या राजस्व अभियानात अशी शिबिरं होतात आणि एका दिवसात शेकड्यांनी दाखले वाटले जातात. त्याचे फोटो पाहिले की माझ्या मनात येतं, शिबिराच्या मांडवात जे एका दिवसात जमतं ते कार्यालयाच्या छपराखाली का जमू नये?

तसं ते जमवून दाखवल्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची जी उलथापालथ केली, ती आजही सरकारी वर्तुळात 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. त्यांनी सुरुवात केली अडगळीपासून. वर्षानुवर्षांची दप्तरं उघडून कायम ठेवायचे कागद, ठरावीक वर्षं ठेवायचे कागद आणि वर्षभरात नष्ट करायचे कागद असे वेगळे केले. बसण्याची जागा अशी लावली की कोण कुठे बसतो आणि कुणाचं काम कुणाकडे आहे हे आत शिरणाऱ्याला दिसावं. ऐकायला हे घर आवरण्याइतकं साधं वाटतं. पण कागद सापडत नाही म्हणून होणारा उशीर हा सरकारी कार्यालयातला फार मोठा उशीर असतो, आणि तो आळसाच्या नावावर खपून जातो.

सरकारी नोकरीत लागलेल्या कुणालाही 'सहा गठ्ठा पद्धत' विचारा, तो सांगेल. कारकुनाच्या टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे : आज कारवाई करायची प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, ठरलेल्या तारखांना पाठवायची विवरणपत्रं, कायमचे आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. यातला दुसरा गठ्ठा सगळ्यांत धोक्याचा. 'त्या कार्यालयाला पत्र लिहिलंय, उत्तर आलं की बघू,' असं म्हणून प्रकरण तिथे ठेवता येतं आणि कुणीही दोषी ठरत नाही. २०१७ च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी आणि डेली डिस्पोजल' ही मोहीम चालवली, तिचा रोखही असाच होता : जुनं साचलेलं एकदा निपटायचं आणि मग आजचं काम आजच.

कायद्याचं म्हणाल, तर बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातला विलंब रोखण्यासाठी महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला. १ जुलै २००६ पासून तो अमलात आहे. कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ पडून राहता कामा नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तातडीच्या फायलीला चार दिवस, अतितातडीच्या फायलीला तो दिवस किंवा दुसरा दिवस. न्यायप्रविष्ट प्रकरणं वगैरे अपवाद आहेत. पण सात दिवस प्रत्येकाकडे, आणि टेबलं पाच, की कायदा पाळूनही पस्तीस दिवस होतात. म्हणून टेबलं कमी करणं हा खरा उपाय.

प्रश्न : पासपोर्ट कार्यालयात गेले होते. वेळ आधी ठरलेली, एसी, टोकन, तासा-दीड तासात बाहेर. हे तिथे जमतं तर महापालिकेत आणि तहसीलमध्ये का जमत नाही? खासगी कंपनीला देऊन टाकावं का सगळंच? (विरार पश्चिम)

उत्तर : पासपोर्ट सेवा केंद्रात तुम्ही तीन खिडक्यांवरून गेलात, ए, बी आणि सी. 'ए'वर फोटो, बोटांचे ठसे, कागदांचं स्कॅनिंग. ते काम टीसीएस या कंपनीच्या माणसांचं. 'बी'वर पडताळणी आणि 'सी'वर मंजुरी, ही सरकारी अधिकाऱ्यांची. खासगी कंपनीला निर्णय दिलेला नाही, रांग दिलेली आहे. ही वाटणी हुशारीची आहे. २०१० पासून ही केंद्रं सुरू झाली आणि लोकांचा अनुभव पालटला, त्याचं मोठं कारण म्हणजे वेळ ठरवून बोलावणं. दिवसाला किती माणसं येणार हे आधीच ठरलं की एरलांगची ती वाढत जाणारी रांग लागतच नाही.

पण तिथेही केंद्राबाहेरचा भाग उरतो, तो पोलीस पडताळणीचा. तुमच्याकडे तो मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून होतो.

तहसील आणि महापालिकेचं काम मात्र वेगळ्या जातीचं आहे. पासपोर्ट तुम्हाला मिळाला तर शेजाऱ्याचं काही बिघडत नाही. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं तर कुणाचं तरी नाव कमी होतं किंवा कुणाचा तरी हिस्सा बदलतो. म्हणून फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस ठेवले जातात आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी या पट्ट्यातल्या वाड्यांचे सातबारे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे पटेल. एकेका उताऱ्यावर आजोबांच्या भावंडांची नावं, त्यांच्या वारसांची नावं. त्यातले काही गावात, काही मुंबईत, काही परदेशात. हे १५ दिवस कुणी 'कार्यक्षमता' म्हणून कापले, तर त्याचा फटका नेमका त्या गैरहजर वारसाला बसेल. ग्राहक म्हणून आपल्याला वेग हवा असतो. नागरिक म्हणून याच १५ दिवसांनी उद्या आपली जमीन वाचेल.

पडताळणी टळली की काय होतं, हे वसई-विरारकरांना सांगायची खरं तर गरज नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२५ च्या सुरुवातीला पाडल्या गेल्या. जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. तिथे घर घेताना किती जणांनी विकास आराखड्यातलं आरक्षण तपासलं असेल? आणि तपासायचं म्हटलं असतं तर ते दाखवायला कुठली खिडकी सहज उघडी होती? घरपट्टी लागली म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही, हे लोकांना घर पाडायला आल्यावर कळावं, ही मला दाखल्याच्या उशिरापेक्षा कितीतरी मोठी सेवेतली चूक वाटते. महापालिकेने चकचकीत नागरी सुविधा केंद्रं जरूर काढावीत. पण प्रत्येक प्रभाग समिती कार्यालयाच्या दाराशी, हद्दीतल्या परवानगी असलेल्या आणि नसलेल्या इमारतींची अद्ययावत यादी मराठीत लावली, तर ती सगळ्यांत मोलाची ग्राहकसेवा ठरेल.

प्रश्न : लोकसेवा हक्क कायदा म्हणतात तो खरोखर वापरता येतो का? की नुसता कार्यालयाच्या भिंतीवरचा बोर्ड?

उत्तर : वापरता येतो. लोक वापरत नाहीत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. त्याचा अध्यादेश निघाला २८ एप्रिलला, म्हणून तो दिवस सेवा हक्क दिन म्हणून पाळतात. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये देशात पहिल्यांदा असा कायदा केला होता. आपल्या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवली. महापालिकेकडून जन्माच्या नोंदीचा दाखला तीन दिवसांत, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. तिथे काम झालं नाही तर दुसरं अपील. तिथेही नाही, तर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. विनाकारण उशीर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्याच्या खिशातून जातो. अपिलासाठी वकील लागत नाही. 'आपले सरकार' पोर्टलवरूनही ते करता येतं.

मेख आहे ती पोचपावतीत. मुदत मोजायची तर सुरुवातीची तारीख हवी. कायदा सांगतो की अर्जाची पोच दिली पाहिजे, तिच्यावर अर्ज क्रमांक आणि सेवा कधीपर्यंत मिळेल ती तारीख हवी, आणि कागद कमी असतील तर कोणते तेही लेखी कळवलं पाहिजे. व्यवहारात काय होतं? खिडकीवरचा तोंडी म्हणतो, 'अजून एक झेरॉक्स लागेल, उद्या या.' अर्ज घेतलाच नाही म्हटल्यावर घड्याळही सुरू होत नाही. आकडेवारीत त्या कार्यालयाचे सगळे अर्ज वेळेत निकाली निघालेले दिसतात. म्हणून 'इतके टक्के सेवा वेळेत' असं कुठेही वाचलंत, तर मनात विचारा, किती जणांना खिडकीवरूनच परत पाठवलं?

लोक अपील का करत नाहीत, याचं कारणही उघड आहे. उद्या पुन्हा त्याच खिडकीवर जायचंय, मग साहेबाशी वाकडं कशाला? ही भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण अपील गेलं की बहुतेक वेळा सुनावणीआधीच दाखला हातात पडतो, हे कार्यालयात वावरणारा कुणीही तुम्हाला खासगीत सांगेल.

प्रश्न : सरकारी कार्यालयं शनिवारी बंद. आम्ही सकाळची विरार लोकल पकडतो आणि रात्री परततो. आम्ही कार्यालयात जायचं कधी?

उत्तर : हा प्रश्न मुंबईपासून लांब राहणाऱ्यांनी फार आधी विचारायला हवा होता.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला. कार्यालयीन वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. चर्चगेटला नोकरी करणाऱ्या विरारकराला यातली एकही वेळ सापडत नाही. वालीव-सातिवलीच्या गाळ्यात काम करणाऱ्याचं त्याहून कठीण. त्याने खाडा केला की त्या दिवसाचा पगार गेला. दाखल्याच्या शुल्काचे रुपये लहान असतात, दाखल्याची खरी किंमत असतो तो बुडालेला दिवस. सरकारने २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रावरचं ५०० रुपयांचं मुद्रांक शुल्क माफ केलं, हे चांगलंच झालं. पण दुसऱ्या खेपेला बुडणारा पगार कोण माफ करणार? एजंटाचा धंदा चालतो तो लाचेवर कमी आणि या खाड्यावर जास्त. तीनशे-चारशे रुपये देऊन दिवस वाचत असेल तर माणूस देतोच, त्याला भ्रष्ट म्हणण्यात अर्थ नाही.

वसईकराची कार्यालयंही एका दिशेला नाहीत. तहसील वसई गावात, स्टेशनपासून आत. महापालिका मुख्यालय विरारला. आरटीओ विरारच्या चंदनसारला. पोलीस आयुक्त खाडीपलीकडे मीरा रोडला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि जिल्हाधिकारी ठाण्याहून पालघरला गेले. मोखाडा-जव्हारच्या लोकांसाठी तो फार मोठा आधार होता, त्याबद्दल दुमत नको. वसईकराला मात्र रोजच्या नोकरीच्या उलट्या दिशेने, डहाणू लोकल पकडून जावं लागतं. जात पडताळणी समितीसाठीही तीच वाट.

माझं मत विचारलंत तर आठवडा पाच दिवसांचाच राहू द्या, कर्मचाऱ्यालाही घर आहे. पण वसई, नालासोपारा आणि विरार या तीन स्टेशनांजवळ एकेक खिडकी रात्री नऊपर्यंत आणि रविवारी सकाळी उघडी ठेवा. पाळीने माणसं बसवा, त्यांना बदली सुट्टी द्या. रेल्वेचं तिकीट घर रविवारी बंद नसतं, रक्तपेढी नसते, पोलीस ठाणं नसतं. तिथेही माणसंच काम करतात.

प्रश्न : शंभर दिवसांच्या मोहिमेत आपला जिल्हा पहिला आला म्हणे. मग मला फरक का जाणवला नाही?

उत्तर : जिल्हा नव्हे, जिल्ह्याशी संबंधित दोन पोलीस कार्यालयं. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयीन सुधारणांचा १०० दिवसांचा कार्यक्रम घेतला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, येणाऱ्यांसाठी सोयी, क्षेत्रीय भेटी असे सात मुद्दे होते. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केलं. १ मे रोजी निकाल लागला, तेव्हा पोलीस अधीक्षक कार्यालयांत पालघर पहिलं आणि पोलीस आयुक्तालयांत मीरा-भाईंदरचं, म्हणजे तुमचंच, पहिलं. महापालिकांमध्ये पहिला क्रमांक उल्हासनगरचा. त्यानंतर ई-प्रशासनावर भर देणारा १५० दिवसांचा कार्यक्रमही झाला.

ही बक्षिसं मी हलकी मानत नाही. बसायला बाक, प्यायला पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह, या गोष्टी मिळायला पंच्याहत्तर वर्षं लागली हेच आश्चर्य. पण तुम्हाला फरक जाणवला नसेल तर त्याचं कारण, गुण मिळतात ते दिसणाऱ्या सुधारणांना आणि तुमचा अर्ज अडतो न दिसणाऱ्या जागी. पुढच्या वेळी मूल्यमापन करणाऱ्यांनी एकच आकडा मागावा : अर्ज पहिल्यांदा खिडकीवर आला तेव्हापासून दाखला हातात पडेपर्यंत लागलेले दिवस, 'त्रुटी'चे दिवस धरून.

प्रश्न : कर्मचारी नीट बोलत का नाहीत?

उत्तर : काही नीट बोलतात. जे बोलत नाहीत त्यांचं समर्थन नाही. पण दिवसभरात शंभर जण 'माझं कधी होणार?' विचारतात आणि त्याचं उत्तर त्यांच्याही हातात नसतं, तेव्हा तोंड कडू होतंच. पावतीवर तारीख छापलेली असेल तर निम्म्याहून जास्त माणसं ती विचारायला येणारच नाहीत. सौजन्य सप्ताह साजरा करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

तर नालासोपाऱ्याच्या वाचकाला, आणि यंदा दाखल्यांच्या रांगेत उभं राहणाऱ्या सगळ्यांनाच सांगणं इतकंच. अर्ज भरण्याआधी आपलं मौजे कोणतं ते घराच्या खरेदीखतावर बघून घ्या. खिडकीवर तोंडी उत्तर मिळालं तर लेखी मागा. पोचपावतीचा मोबाइलवर फोटो काढा आणि मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. ती उलटली तर दुसऱ्याच दिवशी पहिलं अपील टाका. त्यासाठी ३० दिवस असतात, पण प्रवेशाची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.